परराज्यात तात्पुरती नर्सची नोकरी : कापलेला टॅक्स परत कसा मिळवायचा?

नंदुरबार, धुळ्याकडच्या तालुक्यांतून जीएनएम, एएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली-मुलांना सुरत, वडोदरा जवळ पडतं. चार-सहा महिन्यांच्या करारावर तिथं गेलं की पहिल्याच पगारात रक्कम कमी दिसते आणि प्रश्न पडतो, हा गुजरातचा टॅक्स आहे का? आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे ही माहिती.

राज्य बदललं तरी इन्कम टॅक्स तोच
इन्कम टॅक्स केंद्र सरकारचा आहे. नोकरी नवापुरात करा किंवा सुरतेत, दर सारखेच आणि वर्षाचं रिटर्न एकच. दोन्हीकडची कमाई त्यातच दाखवायची. नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची वजावट वेगळी मिळते.

मग पैसे का कापले?
करारावरच्या नर्सला काही हॉस्पिटलं ‘पगार’ न देता ‘मानधन’ म्हणजे प्रोफेशनल फी देतात. अशी फी वर्षाला ५० हजारांवर गेली की कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिला नाही किंवा आधारशी लिंक नसल्याने तो बंद पडला असेल, तर २० टक्के.

समजा, एका ताईला सुरतेत ३० हजार महिन्यानं सहा महिने मानधन मिळालं, म्हणजे १ लाख ८० हजार. त्यातून १८ हजार कापले गेले. उरलेले सहा महिने गावाजवळच्या दवाखान्यात १८ हजार पगार, म्हणजे १ लाख ८ हजार. एकूण कमाई २ लाख ८८ हजार. कर शून्य, म्हणजे १८ हजार तिचेच. पण रिटर्न भरलं तरच ते परत येतात, आपोआप येत नाहीत. ‘आपलं उत्पन्न कमी, रिटर्न कशाला’ म्हणून सोडून दिलं तर पैसे तिथंच अडकतात.

काय करायचं?
• इन्कम टॅक्स पोर्टलवर फॉर्म २६एएस बघा. कोणी किती कापले ते कळतं. समोर १९२ असेल तर पगार, १९४जे असेल तर फी.
• पगार असेल तर फॉर्म १६ आणि फी असेल तर फॉर्म १६ए हॉस्पिटलकडून मागून घ्या. काम सुटल्यावर मागणं जड जातं.
• फी असेल तर आयटीआर-१ चालत नाही आणि ७५ हजारांची वजावट फक्त पगारावर मिळते. जाणकाराकडून योग्य फॉर्म भरून घ्या.
• बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट करा. परतावा त्याच खात्यात येतो.
• मुदत चुकली तरी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. त्यानंतरच्या ‘अपडेटेड रिटर्न’मध्ये परतावा मागता येत नाही.

व्यवसाय कर वेगळा
हा मात्र राज्याचा कर, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो नाही. गुजरातेत १२ हजारांवर पगार गेला की महिन्याला २०० रुपये कापतात. दिल्ली, राजस्थानात हा करच नाही. कापलेला व्यवसाय कर परत मिळत नाही.

राहण्या-जेवणाचा खर्च
आपल्याच हॉस्पिटलनं काही दिवस बाहेरगावी ड्युटीला पाठवलं आणि प्रवासभत्ता, दैनिक भत्ता दिला, तर खरोखर खर्च झालेल्या रकमेवर कर नाही. तिकिटं, बिलं जपून ठेवा. पण नवीन हॉस्पिटलनं तिथल्याच कामावर घेतलं असेल, तर पगारातून भरलेलं खोलीभाडं आणि मेसचे पैसे नव्या पद्धतीत वजा होत नाहीत. जुन्या पद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट आहे, पण पगारात तो भत्ता आणि हातात भाडेपावती हवी.

करारावर सही करण्याआधी एकच विचारा : पैसे पगार म्हणून देणार की फी म्हणून? बाकीचा हिशोब त्यावरच ठरतो.