दादासाहेब फाळके : प्रेरणा, पैसा आणि मोकळीक

कलावंताच्या प्रेरणेचा विषय निघाला की आपण मराठी माणसे दादासाहेब फाळक्यांची गोष्ट हमखास सांगतो. १९१० च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला, पडद्यावर ख्रिस्त हलत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा तोच खेळ पाहावयास गेले. गोष्ट खरी आहे. ती खुद्द फाळक्यांनीच पुढे लिहून ठेविली. पण ती ऐकताना असा समज होतो, की त्या एका संध्याकाळी आकाशातून काही पडले आणि ह्या गृहस्थांनी ते झेलले. तो समज आम्हांस मान्य नाही.

त्या वेळी फाळक्यांनी चाळिशी गाठली होती. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी शिळाछापाचे काम त्यांनी केले, गोध्र्यास फोटोचे दुकान काढले, पुराणवस्तु खात्यात नोकरी धरली आणि स्वदेशीच्या दिवसांत ती सोडलीही. मध्यंतरी जादूचे प्रयोगही केले, आणि तेथे नाव घेतले 'प्रोफेसर केळफा'. आडनाव उलटे वाचले म्हणजे उलगडा होतो. म्हणजे चित्र, छाया, छपाई आणि नजरबंदी ह्या चारी विद्या हातात घेऊन हा माणूस त्या तंबूत शिरला होता. तोच खेळ आणखी हजारो लोकांनी पाहिला आणि ते घरी जाऊन जेवले.

आता मोकळिकीची गोष्ट. लोणावळ्याचा व मग दादरचा त्यांचा छापखाना उत्तम चालला होता. रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी ते जर्मनीसही जाऊन आले होते. परंतु छापखान्याला भांडवल भागीदारांचे होते. मतभेद झाले आणि फाळके बाहेर पडले. पैसा ज्याचा त्याचा शब्द शेवटचा, हा धडा त्यांना येथे प्रथम मिळाला. दुर्दैवाने शेवटचा नव्हे.

म्हणून सिनेमाच्या वेळी त्यांनी स्वतःचेच होते-नव्हते ते पणास लाविले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत शिरून संपादक कॅबोर्न ह्यांना गाठले. कॅबोर्न ह्यांनी आधी हे धाडस करू नका असे सांगितले, आणि मग निर्माते हेपवर्थ ह्यांच्याकडे जाण्याची वाटही करून दिली. विल्यमसन कॅमेरा घेऊन फाळके परतले. मग सावकारांना पटविण्यासाठी त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, आणि सुमारे महिनाभर त्या कोंबाची एकेक चौकट टिपली. पडद्यावर बघता बघता वेल वाढली! आमच्या मते हिंदी चित्रपटाचा खरा मुहूर्त ह्या कुंडीतच झाला. हातात दुसरे काहीच नसताना एक वाटाणा पुरे झाला, ह्याला आम्ही मोकळीक म्हणतो.

उरलेला पैसा सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून आला. फिल्मला भोके पाडण्याचे काम त्यांनी रात्री बसून केले. शिवाय सारा मेळावा घरीच जेवत असे, हे ऐकणाऱ्या भगिनींनी विसरू नये. तारामतीची भूमिका करावयास स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहातील आचारी, अण्णा साळुंके, ती करू लागला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. १९१७ च्या 'लंकादहना'त ह्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही रंगविली. ह्या सगळ्या वर्षांत फाळक्यांना कर्ज होते, पण जाब विचारणारा धनी नव्हता.

तो १९१८ मध्ये आला. काही धनिकांबरोबर नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. पैशाची चणचण संपली, हिशेबाची कटकट सुरू झाली. 'कालियामर्दना'त स्वतःच्या मुलीस, मंदाकिनीस, कृष्ण करणारा हा निर्माता थोड्याच दिवसांत भागीदारांशी भांडून काशीस निघून गेला. तेथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले. भागीदार वाईट होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यांचा पैसा खरा होता, आणि फाळके खर्चिक व हट्टी होते हेही खरे. ज्याला एक दृश्य मनासारखे होईपर्यंत थांबवत नाही, त्याच्या वहीत जमाखर्च कसा जुळावा?

ते १९२२ च्या सुमारास परतले आणि त्याच कंपनीसाठी चित्रे काढीत राहिले. पण पूर्वीचा भर पुन्हा आला नाही. मग बोलपट आला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनने त्यांच्याकडून 'गंगावतरण' करून घेतला, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. हा त्यांचा एकुलता बोलपट, आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले.