निर्णय यानावर सोपवताना

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या उद्योगासाठी ओळखले जाते. फटाक्यांच्या माळेकडे आज आपण थोड्या निराळ्या नजरेने पाहू. कोणत्या फटाक्यानंतर कोणता उडणार, हे माळ बांधतानाच ठरलेले असते. एखादा फुसका निघाला तरी माळेला त्याचा पत्ता नसतो. वातच मध्ये तुटली, तर पुढचे फटाके तसेच राहतात. काय घडले ते पाहून पुढचे ठरवण्याची सोय माळेत नाही.

अवकाशयानांना आज्ञा देण्याची जुनी पद्धत बरीचशी अशीच होती. अमुक वेळी इंजिन सुरू कर, तमुक वेळी कॅमेरा फिरव, अशी यादी पृथ्वीवर तयार होई आणि रेडिओ संदेशाने यानाकडे जाई. काही नेहमीच्या बिघाडांवरचे उपायही यानाच्या संगणकात आधीच भरून ठेवलेले असत. अनपेक्षित काही घडलेच, तर यान बहुतेक कामे थांबवी आणि पृथ्वीकडून येणाऱ्या आदेशाची वाट पाही. पण संदेश प्रकाशाच्या वेगानेच जातो. मंगळापर्यंत पोचायला त्याला, ग्रहांच्या स्थितीनुसार, सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत याच्या दुप्पट वेळ! मग काही निर्णय यानानेच घेतले तर?

हा प्रयोग १९९९ मध्ये झाला. अमेरिकेच्या नासा संस्थेचे 'डीप स्पेस १' हे यान २४ ऑक्टोबर १९९८ रोजी सुटले होते. त्याच्यासाठी 'रिमोट एजंट' ही संगणक-प्रणाली तयार करण्यात आली. तिच्या प्रमुख रचनाकारांत निकोला मुस्केटोला, बार्नी पेल आणि ब्रायन विल्यम्स यांच्याबरोबर पी. पांडुरंग नायक होते. नायक यांनी संगणकशास्त्राची पदवी मुंबईत, पवईच्या आय.आय.टी.मधून घेतली होती.

या प्रणालीचे तीन भाग होते. पहिला नियोजक. त्याला पृथ्वीवरून फक्त उद्दिष्टे सांगायची. कोणते काम केव्हा करायचे, हे तो ठरवी. दुसरा कार्यवाहक. तो योजना अमलात आणी आणि अडचण आली तर दुसरा मार्ग शोधी. तिसरा निदान करणारा भाग, त्याचे नाव 'लिव्हिंगस्टोन'. विल्यम्स आणि नायक यांचे काम प्रामुख्याने याच भागावर होते. त्यात प्रत्येक बिघाडासाठी वेगळा नियम लिहिलेला नव्हता. झडप, स्विच, संवेदक हे भाग कसे चालतात आणि कसे बिघडतात याचे वर्णन होते. अपेक्षित वाचन आणि प्रत्यक्ष वाचन यांत फरक पडला, की तो फरक कोणत्या बिघाडामुळे पडला असेल, याचा शोध हा भाग घेई. कुशल वैद्य लक्षणांवरून रोगाकडे जातो, तसेच हे.

मूळ विचार असा होता, की सबंध यानच या प्रणालीने चालवावे. परंतु १९९७ मध्ये तो मागे पडला. नेहमीच्या पद्धतीची प्रणालीच मुख्य ठेवून रिमोट एजंटला काही दिवसांच्या प्रयोगापुरते स्थान मिळाले. न अनुभवलेल्या गोष्टीच्या हाती सारे यान द्यायचे कसे, हा प्रश्न साधा नव्हता.

१७ मे १९९९ रोजी प्रयोग सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मात्र ठरल्या वेळी इंजिन बंद करण्याची आज्ञा निघालीच नाही. कार्यवाहक थबकला होता. काय झाले होते? प्रणालीत अनेक कामे एकाच वेळी चालत. एका कामाने तपासले : 'निरोप आला का?' उत्तर 'नाही' असे मिळाले, म्हणून ते काम हाक येईपर्यंत झोपी जायला निघाले. पण तपासणे आणि झोपणे यांमधल्या क्षणभराच्या फटीत निरोप येऊन गेला! आता हाक पुन्हा येणार नव्हती. परिणामी दोन कामे एकमेकांची वाट पाहत अडून राहिली.

पृथ्वीवर घेतलेल्या असंख्य चाचण्यांत ही चूक एकदाही उघडी पडली नव्हती. आश्चर्य असे, की १९९७ मध्येच नासातील संगणकशास्त्रज्ञांनी गणिती पद्धतीने कार्यवाहकाचा एक भाग तपासून पाच चुका काढल्या होत्या, आणि त्यांत नेमकी याच प्रकारची एक होती. ती तिथे दुरुस्त झाली. तिचे भावंड न तपासलेल्या दुसऱ्या भागात राहून गेले.

चूक काही तासांतच सापडली. २१ मे रोजी प्रयोग पुन्हा केला गेला. मुद्दाम घडवलेले बिघाड प्रणालीने ओळखले, त्यांतून वाट काढली, आणि प्रयोगाची सर्व उद्दिष्टे पूर्ण झाली.

इथे दोन गोष्टी एकत्र दिसतात. यान स्वतः निर्णय घेऊ शकते, हे सिद्ध झाले. त्याबरोबरच अशा प्रणालीला केवळ चाचण्या पुरत नाहीत, हेही कळले. आज्ञांची यादी एकाच क्रमाने चालते, म्हणून ती पडताळता येते. निर्णय घेणाऱ्या प्रणालीत घटनांचे क्रम अगणित होतात. ते सगळे चालवून पाहणे अशक्य. म्हणून तर्काने सिद्ध करावे लागते.

भारतालाही या प्रश्नाला सामोरे जावे लागले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा त्याचा संदेश इकडे यायला सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. इंजिन पेटवण्याच्या आज्ञा यानात काही दिवस आधीच भरून ठेवल्या होत्या. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा लँडर चंद्रावर उतरला, तोही शेवटच्या टप्प्यात स्वतःच स्वतःला सावरत.

आठवी-नववीच्या वर्गात हा खेळ करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याने फळ्यावर निरोप आहे का ते पाहावे, आणि नसल्यास डोळे मिटून टाळी वाजण्याची वाट पाहावी. दुसऱ्याने वाटेल तेव्हा निरोप लिहून एकदाच टाळी वाजवावी. पाहणे आणि डोळे मिटणे यांच्या मधोमधच टाळी वाजली, तर काय होते? बहुतेक वेळा खेळ सुरळीत चालेल. तो केव्हा अडतो आणि अडूच नये म्हणून नियम कसा बदलावा, हे मुलांनाच शोधू द्यावे.