मानाचे पान आणि हॉटेलची चावी : 'निष्ठा' योजनांचा इतिहास (थ्रेड)

१/
महानगरातील एखाद्या पंचतारांकित हॉटेलच्या स्वागतकक्षात दोन पाहुणे एकाच वेळी येतात. दोघांनी एकाच दर्जाची खोली एकाच दराने राखून ठेवलेली असते. एकाला सातव्या मजल्यावरची ठरलेली खोली मिळते. दुसऱ्याला मात्र वरच्या मजल्यावरचा स्वीट, सकाळची न्याहारी मोफत आणि दुपारी चारपर्यंत खोली वापरण्याची मुभा मिळते. हा भेद कोठून आला, आणि त्याचे पैसे कोण भरते?

२/
मराठी समाजाला मानपान नवा नाही. पंगतीत कोणाला आधी वाढायचे, विडा कोणाच्या हाती द्यायचा, यावरून घराणी वर्षानुवर्षे रुसलेली आहेत. हॉटेल कंपन्यांनी हाच मानपान मोजण्याजोगा केला, त्याला पायऱ्या लावल्या आणि त्याचे नाव 'निष्ठा' ठेवले. या नामकरणाचा इतिहास जेमतेम चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा आहे.

३/
त्याआधीही मोठ्या हॉटेलांत नेहमीच्या पाहुण्याची सरबराई होतच असे. स्वित्झर्लंडमधील निडरवाल्ड या खेड्यात १८५० साली शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या सेझार रिट्झ यांनी १ जून १८९८ रोजी पॅरिसमध्ये आपले हॉटेल उघडले. पाहुण्याच्या आवडीनिवडी लक्षात ठेवणे हीच त्यांची ख्याती होती. मुंबईत १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालेले ताजमहाल हॉटेल याच घराणेदार परंपरेतले.

४/
या जुन्या पद्धतीत मान माणसाच्या स्मरणावर अवलंबून असे. दरवान ओळखत असे, व्यवस्थापक नावाने हाक मारत असे. पण ही ओळख त्या एका इमारतीपुरती मर्यादित होती. पॅरिसमधला मानकरी लंडनमध्ये अनोळखीच ठरे. शेकडो शहरांत हॉटेले चालवणाऱ्या साखळ्या उभ्या राहिल्या, तेव्हा स्मरणाची जागा घेणारे काहीतरी यंत्र हवे झाले.

५/
त्या यंत्राचा एक पूर्वज किराणा दुकानात सापडतो. अमेरिकेत १८९६ साली स्थापन झालेली स्पेरी अँड हचिन्सन कंपनी दुकानदारांना हिरवी तिकिटे विकत असे. गिऱ्हाईक खरेदीबरोबर मिळालेली तिकिटे वहीत चिकटवी आणि भरलेल्या वह्यांच्या बदल्यात घरगुती वस्तू नेई. साठवण्याचा आनंद हा स्वतंत्र माल म्हणून विकता येतो, हे तेथे सिद्ध झाले.

६/
दुसरा पूर्वज आकाशातला. १९७८ पर्यंत अमेरिकेत विमानभाडे आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने नियंत्रण उठवणारा कायदा आला आणि भाडेयुद्ध सुरू झाले. आसन सगळीकडे सारखेच असल्यावर प्रवाशाने स्वस्त तिकीट सोडून आपल्याकडेच का यावे, हा प्रश्न कंपन्यांपुढे उभा राहिला.

७/
१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हान्टेज' योजना जाहीर करून उत्तर दिले. कंपनीजवळ 'सेबर' ही संगणकीय आरक्षणव्यवस्था होती. कोणता प्रवासी पुनःपुन्हा येतो, हे त्या नोंदींतून काढता आले. उडालेल्या मैलांचे खाते निघाले आणि पुरेसे मैल साठले की मोफत प्रवास मिळू लागला. काही दिवसांतच युनायटेडनेही आपली योजना आणली.

८/
विमान कंपन्यांनी मैल देण्यासाठी हॉटेलांनाही भागीदार केले. पण तेव्हा पाहुणा विमान कंपनीशी बांधला जात होता, हॉटेलशी नव्हे. १९८३ मध्ये हॉलिडे इनने आणि त्याच वर्षी मॅरियटने स्वतःच्या योजना काढल्या. १९८७ मध्ये हिल्टन आणि हयात यांनीही तोच मार्ग धरला. चार-पाच वर्षांत रिवाजच पडून गेला.

९/
या योजनांच्या यशाचे मर्म एका साध्या गोष्टीत होते. खोलीचे बिल भरतो मालक, म्हणजे प्रवाशाची कंपनी. गुण मात्र जमा होतात नोकराच्या खात्यात. हॉटेल निवडण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्यालाच बक्षीस. आणि ज्याच्या खिशातून पैसे जातात, त्याला काही नाही. चार पैसे स्वस्त असलेले शेजारचे हॉटेल मग आपोआपच मागे पडते.

१०/
हा गुंता केवळ नैतिक राहिला नाही. २००२ च्या उन्हाळ्यात जर्मनीत सरकारी दौऱ्यांवर मिळालेले लुफ्तान्साचे मैल राजकारण्यांनी खासगी प्रवासासाठी वापरल्याचे उघड झाले. बर्लिनचे अर्थविषयक सिनेटर ग्रेगोर गिझी यांनी त्या प्रकरणात ३१ जुलै रोजी पद सोडले.

११/
अमेरिकेने याच्या उलट वाट धरली. त्याच २००२ साली तेथील करखात्याने जाहीर केले की, कामाच्या प्रवासातून मिळालेले मैल खासगीरीत्या वापरल्याबद्दल नोकरांमागे कराचा तगादा लावला जाणार नाही. हिशेब ठेवणे अवघड आहे, हेही त्यामागचे एक कारण होते. एका देशात पद गेले, दुसऱ्या देशात तीच गोष्ट अंगवळणी पडली.

१२/
गुण साठवणे ही योजनेची पहिली बाजू. पायऱ्या ही दुसरी. चांदी, सोने, प्लॅटिनम या नावांची शिडी वर्षभरातील रात्रींवर उभी असते. मॅरियटमध्ये प्लॅटिनमसाठी ५० रात्री, तर हयातच्या सर्वोच्च पायरीसाठी ६० रात्री लागतात. ही पायरी कायमची नसते. मुदत संपली की शिडी पुन्हा तळापासून चढावी लागते, आणि मान जाण्याची भीती हीच खरी पकड असते.

१३/
हॉटेलला हे परवडते, कारण खोली हा नाशवंत माल आहे. आज रात्री न विकलेला स्वीट उद्या विकता येत नाही. संध्याकाळी उरलेल्या भाजीसारखाच तो. रिकामा राहणार असलेला स्वीट मानकऱ्याला दिला, तर खर्च जवळपास नाही आणि उपकार मोठा. म्हणूनच नियमात नेहमी 'उपलब्धतेनुसार' हा शब्द असतो, आणि तोच वादाचे मूळ ठरतो.

१४/
वादाचे दुसरे मूळ मालकीत आहे. १९९३ मध्ये मॅरियट कंपनी दुभंगली : इमारती एका कंपनीकडे, नाव आणि व्यवस्थापन दुसऱ्या कंपनीकडे. आज दारावर ज्या साखळीची पाटी असते, ती बहुधा इमारतीची मालक नसते. वचन देते साखळी, न्याहारीचा खर्च सोसतो इमारतीचा मालक. कुठे मानकऱ्याचे मनापासून स्वागत होते आणि कुठे काऊंटरवर घासाघीस, याचा उलगडा येथे होतो.

१५/
१९९९ मध्ये स्टारवुडने खेळ बदलला. तोवर गुण वापरू पाहणाऱ्याला सणासुदीच्या दिवसांत नकार मिळत असे. स्टारवुडने असे वर्ज्य दिवस रद्द केले : साधी खोली विक्रीला असेल, तर ती गुणांवरही मिळेल. सेंट रेजिससारखी आलिशान हॉटेले त्यामुळे नोकरदार प्रवाशाच्या आवाक्यात आली. स्टारवुडला लाभलेला भक्तवर्ग त्यातूनच घडला.

१६/
खानदानी हॉटेले मात्र बराच काळ अलिप्त राहिली. रिट्झ-कार्ल्टनने गुणांची स्वतःची योजना २०१० मध्ये काढली. फोर सीझन्सने तशी योजना काढलीच नाही. पाहुण्याची आवड नोंदवून ठेवण्याची जुनीच रीत तिने चालू ठेवली. मॅरियट समूहातील रिट्झ-कार्ल्टनमध्ये प्लॅटिनम सदस्याला आजही न्याहारी मोफत नाही. जितके हॉटेल उंची, तितका मान स्वस्तात मिळत नाही.

१७/
२०१६ मध्ये मॅरियटने स्टारवुड विकत घेतले. स्टारवुडच्या एका गुणाचे मॅरियटचे तीन गुण झाले. २०१८ मध्ये योजनांचे एकत्रीकरण होऊन २०१९ मध्ये 'बॉनव्हॉय' हे नाव आले. २०२४ अखेर सदस्यसंख्या २० कोटींच्या पुढे होती. सदस्य वाढले, पण एखाद्या इमारतीतले स्वीट तेवढेच राहिले. पंगत लांबली, मानाची पाने मात्र वाढली नाहीत.

१८/
त्यात बँकांची भर पडली. अमेरिकेत २०१८ पासून हिल्टनचे एक क्रेडिट कार्ड घेणाऱ्याला एकही रात्र न काढता 'डायमंड' पायरी मिळू लागली. भारतात २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियटबरोबर कार्ड काढले आणि त्यावर चांदीची पायरी दिली. रात्री मोजून कमावलेला मान वार्षिक शुल्कात मिळू लागला, तेव्हा त्याचा भाव उतरणे ओघानेच आले.

१९/
मग या मानाची खरी किंमत किती? समजा, प्लॅटिनमसाठी दहा रात्री कमी पडल्या आणि केवळ त्यासाठी ८,००० रुपये दराने दहा रात्री काढल्या : खर्च ८०,०००. पुढच्या वर्षी आलिशान हॉटेलात सहा रात्री. दोघांची न्याहारी दररोज ३,६०० आणि लाउंजमधील संध्याकाळ ३,००० धरली, तरी लाभ ३९,६०० रुपये. स्वीट एखाददुसऱ्या वेळी मिळाला, तरी तूट भरून निघणे कठीण.

२०/
शिवाय ३,६०० ही छापील किंमत आहे. जो प्रवासी एरवी कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात चारशे रुपयांत दोघांची न्याहारी उरकतो, त्याच्या दृष्टीने तो लाभ चारशेचाच. ज्या वस्तूसाठी खिशातून पैसे काढले नसते, तिची पूर्ण किंमत नफ्यात धरणे हा या हिशेबातला नेहमीचा घोटाळा. पन्नास रात्रींचे बिल कंपनी भरत असेल, त्यालाच हा मान खऱ्या अर्थाने फुकट पडतो.

२१/
गुणांचे मोलही स्थिर नसते. कोणत्या हॉटेलला किती गुण लागतील याचे छापील कोष्टक हिल्टनने २०१७ मध्ये आणि मॅरियटने २०२२ मध्ये काढून टाकले. गुण आता दरांप्रमाणे वरखाली होतात. याउलट, २०२२ मध्ये आलेल्या टाटा न्यूच्या योजनेत, जिच्यात ताज हॉटेलेही आहेत, एक नाणे म्हणजे एक रुपया. तेथे चमत्कार घडत नाही, पण फसगतही होत नाही.

२२/
कायद्याने या मानाला फारसे संरक्षण दिलेले नाही. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने वारंवार तक्रारी करणाऱ्या एका प्लॅटिनम सदस्याचे सदस्यत्व २००८ मध्ये रद्द केले. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१४ मध्ये न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने कौल दिला : सद्भावनेने वागण्याचे गृहीत कर्तव्य कंपनीवर लादण्याचा त्याचा दावा १९७८ च्या नियंत्रणमुक्तीच्या कायद्यापुढे टिकला नाही.

२३/
मानपानाचा भार कधी कधी न दिसणाऱ्या हातांवर पडतो. खोलीची रोजची सफाई नको म्हणणाऱ्या पाहुण्याला पर्यावरणाच्या नावाने गुण देण्याची प्रथा स्टारवुडमध्ये सुरू झाली आणि मॅरियटकडे आली. सफाई कामगारांचे तास त्यामुळे घटले; उरलेल्या खोल्या अधिक मळलेल्या असत. २०१८ मध्ये अमेरिकेतील आठ शहरांत मॅरियटच्या हजारो कामगारांनी जो संप केला, त्याच्या मागण्यांत हाही विषय होता.

२४/
३० नोव्हेंबर २०१८ रोजी आणखी एक किंमत उघड झाली. स्टारवुडच्या आरक्षणाच्या नोंदींत २०१४ पासून परक्यांचा शिरकाव होता, असे मॅरियटने जाहीर केले. कोट्यवधी पाहुण्यांची माहिती आणि सुमारे ५२ लाख पारपत्र क्रमांक सांकेतिक कुलुपाविना पडून होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने २०२० मध्ये १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड केला. रिट्झ यांच्या स्मरणाची चोरी होऊ शकत नव्हती. यंत्राच्या स्मरणाची झाली.

२५/
आणि हे यंत्र किती मोलाचे, ते महासाथीने दाखवले. २०२० मध्ये विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले. योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितले गेले. विमाने उडत नव्हती, तरी निष्ठेवर कर्ज मिळत होते. बँकांना गुण विकणे हा स्वतंत्र धंदा झाला होता.

२६/
आता स्वागतकक्षातल्या त्या दोन पाहुण्यांकडे परत पाहावे. स्वीट मिळालेल्याने तो बहुधा दुसऱ्याच्या पैशाने कमावलेला असतो. त्याची न्याहारी इमारतीचा मालक सोसतो आणि त्याची सवय साखळीच्या हिशेबवहीत संपत्ती म्हणून जमा असते. मिळालेला मान नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच्यासाठी वाट वाकडी करण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे : पंगतीतल्या मानकऱ्याला यजमान ओळखतो, येथे फक्त त्याचा सदस्य क्रमांक ओळखला जातो.