विटा आम्ही वाहिल्या, नकाशा कोणी काढला?

२९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयकडे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसत्या कला-कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा ते मजूरमंत्री होते. सरकारी बांधकाम खातेही त्यांच्याच अखत्यारीत होते.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विटा वाहिल्या, नकाशा इतरांनी काढला. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले, नकाशा संगणकावर गेला. आता बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगमध्ये आराखडा, वेळापत्रक, खर्च एकत्र बांधले जातात. नागपूर मेट्रोच्या कामात हीच पद्धत वापरली.

मग एम.टेक.च्या आमच्या मुलामुलींनी ती महागड्या खासगी क्लासमध्येच का शिकावी? विद्यापीठांनी ती शिकवावी, शिष्यवृत्तीत तिचा खर्च धरावा. १९४२ ची मागणी आजही आमची मागणी आहे.

जय भीम!