तळटीप : ‘गरनाळा आणि बाण’

‘गरनाळ’ म्हणजे रुंद तोंडाची, आखूड नळीची तोफ. तिचा गोळा उंच कमान घेऊन आडोशापलीकडे पडतो, म्हणून आजच्या हॉवित्झरची ती पूर्वज ठरते, तर ‘बाण’ हा येथे धनुष्याचा नसून दारू ठासलेल्या नळीचा अग्निबाण, म्हणजेच रॉकेट होय. मूळ मजकुरातील उल्लेख मराठे व निजाम यांच्यातील ११ मार्च १७९५ रोजीच्या खर्ड्याच्या लढाईचा असून ते रणक्षेत्र बीड जिल्ह्याच्या सीमेलगत, जामखेड तालुक्यात आहे. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीकरवी कवायती पलटणी उभारल्या आणि आग्र्यास सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतविल्या. महादजी १७९४ मध्ये वारले, तरी त्यांनी घडविलेल्या याच फौजेतील पेरोन या फ्रेंच सेनानीच्या तोफांनी उंचवट्यावरून मारा करून निजामाकडील फ्रेंच सेनानी रेमंडच्या पलटणी रोखल्या, आणि निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. या विजयाचे श्रेय केवळ शौर्याला देणारी मांडणी अपुरी आहे, कारण ओतशाळा, दारूगोळा व कवायत यांवर आधी झालेला खर्चच तेथे फळास आला.

त्या काळच्या अग्निबाणांना नेम जवळजवळ नव्हताच. पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘पिनाक’ प्रणालीच्या मार्गदर्शित रॉकेटात मात्र उपग्रहांकडून मिळणारे स्थान व अंतर्गत गतिमापक यांच्या आधारे उड्डाणातच दिशा सुधारली जाते.