हेक्टरी किती, आणि कशाच्या बळावर?

मंडळी, सुरुवात एका तक्त्यापासून करू. भाताचा हेक्टरी उतारा, साळीच्या वजनात धरला तर चीन सुमारे ७ टन, बांगलादेश ५ च्या आसपास, आणि भारत ४ हून थोडा जास्त. हे आकडे सांगितले की प्रश्न येतोच, आपले शेतकरी मागे का? मोलगीत उभं राहून बघितलं की मला आधी वेगळंच विचारावंसं वाटतं. माप जमिनीचंच का?

याचं एक उत्तर साऱ्यात आहे. इंग्रजांना जमिनीवर सारा बसवायचा होता, म्हणून जमीन मोजली, तिची प्रत लावली. खानदेशात १८५२ साली एरंडोल, सावदा, फैजपूरकडे शेतकरी या मोजणीविरुद्ध उठले होते. शेतीचा हिशेब एकरावर मांडायची सवय सरकारदरबारी तेव्हापासून घट्ट झाली.

आता शेजारी बघू. चीनमध्ये माणसं अफाट, शेतजमीन त्या मानाने थोडी. म्हणून सगळा भर जमिनीतून जास्त काढण्यावर. भाताला जवळपास सगळीकडे पाणी, १९७६ पासून संकरित भाताची मोठी लागवड, आणि खत हेक्टरी आपल्या जवळजवळ दुप्पट. बांगलादेशाने १९७४ चा दुष्काळ सोसला. पुढे १९८० च्या दशकात तिथे उथळ कूपनलिका आणि डिझेल पंप पसरले, कोरड्या हंगामातला बोरो भात वाढला. त्याची किंमतही पडली. वायव्य भागात भूजल खाली गेलं. आपल्याकडे भाताचं बरंच क्षेत्र अजून पावसावरच आहे. म्हणजे त्या तक्त्यात शेतकऱ्याच्या कौशल्याबरोबर पाणी आणि खतही मोजलं जातं.

या दोन्ही देशांनी, जे आपल्याकडे कमी, त्यातूनच जास्त काढलं. दोघांकडे कमी होती ती जमीन.

मग मोलगीत कमी काय आहे? इथल्या डोंगरउतारावर भगर बहुधा हेक्टरी टनाच्या आतच येते. पण तिला पंप लागत नाही, खत क्वचित, बी घरचं. खर्चाच्या रुपयामागे मोजा, चित्र बदलतं. म्हणून गरिबीचं कौतुक करायचं असं मात्र नाही हं. पावसाळा सरला की याच पाड्यांवरून माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. इथे कमी आहे ते पावसाळ्यानंतरचं पाणी आणि हातातला रोख पैसा.

आणि बाईचा वेळ. भगरीचं टरफल चिवट असतं, उखळात कांडायला तासन् तास जातात. टरफल काढायचं छोटं यंत्र पाड्याजवळ आलं, तर हेक्टरी एक दाणाही वाढणार नाही, तक्ता होता तसाच राहील. पण ते तास वाचतील, आणि कच्ची भगर पडेल भावात देण्याऐवजी साफ करून विकता येईल. मोलगीपुरती मी यालाच उत्पादकता म्हणेन.

तेव्हा यापुढे कुणी हेक्टरी आकडा सांगितला, की एवढं जरूर विचारा : पाणी किती लागलं, पैसा किती गेला, आणि कांडलं कुणी?