बारव, हौद आणि दगडाची दर्ज : दख्खनमधील जलाशयांच्या फरसबंदीविषयी काही विचार

प्राचीन व मध्ययुगीन जलाशयांचा अभ्यास आजवर बहुधा त्यांच्या आकारावरून झाला आहे. 'अपराजितपृच्छे'सारख्या शिल्पग्रंथांत वापींचे नंदा, भद्रा, जया व विजया असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि ते अनुक्रमे एक, दोन, तीन व चार प्रवेशमुखांवरून ठरविलेले आहेत. आधुनिक अभ्यासकांनीही प्रायः हीच वाट धरली. बारव चौकोनी की अष्टकोनी, पायऱ्या किती, देवकोष्ठे किती, शिलालेख आहे की नाही, इतकी नोंद झाली म्हणजे वर्णन पुरे झाले असे समजण्याचा प्रघात पडला. या वर्गीकरणाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते वास्तूच्या दर्शनी रूपाचे वर्गीकरण आहे. दगड दगडाला कसा भिडविला, त्यांच्यामधील फट मोकळी ठेवली की भरली, आणि भरली तर कशाने, या प्रश्नांना त्यात जागा नाही.

ज्या फटीविषयी हे विवेचन आहे तिला गवंडी 'दर्ज' म्हणतात, आणि ती चुन्याने वा सिमेंटने बंद करण्याच्या कामाला 'दर्जा भरणे' म्हणतात. सामान्य इमारतीत दर्ज हा कारागिरीचा किरकोळ भाग मानला तरी चालते. पाण्याच्या काठी तसे चालत नाही. तेथे दर्ज उघडी ठेवावी की बंद करावी हे पाणी कोणत्या दिशेने जावयाचे आहे यावर अवलंबून असते. जमिनीतील पाणी आत यावयाचे असेल तर दर्ज उघडी हवी. बाहेरून आणून साठविलेले पाणी आत राखावयाचे असेल तर ती बंद हवी. हा भेद दिसण्यात साधा आहे. परंतु तो लक्षात न घेतल्यामुळे जुन्या बांधकामांविषयी काही चुकीचे ग्रह रूढ झाले, आणि दुरुस्तीच्या कामात त्याहूनही अधिक हानी झाली.

पाणी राखणाऱ्या दर्जेचे सर्वांत जुने ठळक उदाहरण दगडाचे नसून विटांचे आहे. मोहेंजोदडो येथे 1925-26 च्या उत्खननात जे महास्नानगृह उघडकीस आले, त्याचे कुंड सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद व 2.4 मीटर खोल आहे. सिंधूच्या गाळाच्या मैदानात घडीव दगड सहज मिळण्याजोगा नव्हता, म्हणून तेथे भाजलेल्या विटा आल्या. त्या कडेवर उभ्या बसवून जिप्समच्या लेपात जवळजवळ सांधल्या आहेत. या भिंतीच्या पाठीमागे सुमारे इंचभर जाडीचा डांबराचा थर दिला आहे, आणि त्याच्याही मागे पुन्हा विटांचे बांधकाम आहे. कुंडाचा तळ एका कोपऱ्याकडे उतरता आहे, व त्या कोपऱ्यात पाणी काढून देण्याची वाट आहे. येथे बांधणाऱ्याने केवळ दर्जेवर भिस्त ठेवली नाही, तिच्यामागे दुसरी तटबंदी उभारली. चांगली भरलेली दर्जही कालांतराने झिरपू लागते, हा अनुभव त्याच्या गाठी असावा.

दख्खनच्या पठारावरील बारवांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. येथील काळ्या कातळात पाणी असते ते खडकाच्या भेगांतून व थरांच्या सांध्यांतून. बारव म्हणजे या पाण्यापर्यंत पोचण्यासाठी केलेली खोदाई आणि तिच्या कडा ढासळू नयेत म्हणून लावलेला दगड. हा दगड चुन्याने घट्ट बंद केला तर झऱ्यांची तोंडेच बंद होतील. म्हणून बारवेच्या आतील भिंती व पायऱ्या पुष्कळ ठिकाणी कोरड्या बांधल्या आहेत. घडीव चिरे एकमेकांवर स्वतःच्या वजनाने बसविले आहेत आणि पाठीमागे खांडक्या व चिपा यांचा भराव आहे. पावसाळ्यात भरावामागे चढणारे पाणी दर्जांतून वाट काढून आत उतरते. त्यामुळे बारव भरते, आणि भिंतीवरचा भारही हलका होतो.

या कोरड्या बांधणीला लोकव्यवहारात 'हेमाडपंती' म्हणतात. हेमाद्री हा महादेव (1261-1271) व रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेला अधिकारी. परंतु अंबरनाथचे शिवालय शके 982 चे, म्हणजे 1060 चे आहे, आणि ते शिलाहारांच्या काळातील आहे. तेव्हा या पद्धतीचे जनकत्व हेमाद्रीकडे जात नाही हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखविले आहे. मात्र त्याच नावाला चिकटलेली दुसरी समजूत अद्याप गेलेली नाही. 'चुना न वापरता बांधले' हे वाक्य देवळाविषयी आणि बारवेविषयी एकाच कौतुकाच्या सुरात उच्चारले जाते. देवळात चुना टाळणे हे दगड तंतोतंत घडविण्याच्या कौशल्याचे द्योतक असेल. बारवेत ते त्याशिवाय जलशास्त्रीय आवश्यकतेचे द्योतक आहे. दोन्ही एका मापाने मोजणे योग्य नव्हे.

कोरड्या दर्जेला घडणीची काटेकोरता मात्र अधिक लागते. चुन्याच्या बांधणीत दगडाचा उणेपणा चुन्याखाली झाकता येतो, येथे ती सोय नाही. या काटेकोरपणाचा एक लेखी पुरावाच दख्खनच्या दक्षिण सीमेवर उपलब्ध आहे. हंपी येथील राजप्रासादाच्या आवारात 1980 नंतरच्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात एक पायऱ्यांची पुष्करणी उघडी झाली. तिचे चिरे काळसर हिरव्या शिस्ट दगडाचे आहेत, आणि हंपीच्या भोवतालचा ग्रॅनाइट पाहता ते दुरून घडवून आणलेले दिसतात. चिऱ्यांवर दिशा, थर व त्या थरातील क्रम दर्शविणाऱ्या खुणा कोरलेल्या आहेत. अर्थात रचना आधी ठरली, दगड दुसरीकडे घडले, आणि जागेवर फक्त जुळविण्याचे काम उरले. पाथरवटाचे काम आणि रचणाऱ्याचे काम वेगळे करण्याची ही व्यवस्था दर्ज बारीक असेल तरच शक्य होते. राजवाड्यांच्या वर्णनात ज्यांची नावे कोठेच येत नाहीत अशा कारागिरांचे हस्ताक्षर म्हणूनही या खुणांकडे पाहता येईल.

बारवेच्या पोटात दर्ज उघडी असली, तरी तिच्या काठावर तसे नव्हते. साताऱ्याजवळील लिंब येथील 'बारा मोटेची विहीर' शके 1641 ते 1646 (1719-1724) या काळात विरूबाई भोसले यांनी बांधविली. अष्टकोनी विहीर, तिला जोडलेली चौकोनी बाजू, खाली उतरणारा जिना आणि वर महाल अशी तिची रचना प्रसिद्धच आहे. परंतु नावातील मोटांकडे पाहिले असता काठाच्या फरसबंदीचे महत्त्व ध्यानी येते. धावेवरून बैल उतरले की मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होते आणि पाणी पाटाला लागते. थारोळ्याच्या दर्जा उघड्या राहिल्या तर वर काढलेले पाणी पुन्हा विहिरीत किंवा भिंतीमागील भरावात जाईल, आणि बैलांचे व माणसांचे श्रम फुकट जातील. म्हणजे एकाच विहिरीत खालच्या दगडाची दर्ज पाणी आत घेण्यासाठी आणि वरच्या दगडाची दर्ज पाणी अडविण्यासाठी, असे दोन परस्परविरोधी धर्म एकत्र नांदतात.

काठाच्या फरसबंदीला आणखी एक जबाबदारी होती. जनावरांचे शेण, धुण्याचे पाणी, पावसाचा चिखल हे आत न जाता बाहेर वाहावे, म्हणून फरशीला विहिरीपासून दूर असा उतार द्यावा लागे. हा उतार पाणसळीवर तपासावा लागतो. नजरेने तो साधत नाही. तसेच ओल्या काठावर पाय घसरू नये म्हणून दगड गुळगुळीत न करता त्यावर टाकीचे घाव राखणे इष्ट असते. टाकीच्या घावांवाचून देवपण येत नाही अशी म्हण आहे. काठाच्या दगडाला देवपण येत नाही, पण त्या घावांनी पाणक्याचा तोल राहतो. फरशीखालचे तळही महत्त्वाचे. मुरमावर बसविलेली फरशी स्थिर राहते. काळ्या मातीवर बसविलेली राहत नाही, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जागी दर्ज थोडी सैल असली तर दगड वर्षाकाठी किंचित हलून पुन्हा आपल्या जागी येतात.

साठवणीच्या हौदांसाठी मात्र चुन्यावाचून गत्यंतर नव्हते. साधा चुना हवेतील कर्बवायू शोषून घट्ट होतो. पाण्याखाली ते घडत नाही. भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळली असता तो ओलीतही घट्ट होतो. हे ज्ञान केवळ भारतीय नव्हे. रोमन लोक ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळीत, आणि व्हित्रुव्हिअसने पाण्याच्या टाक्यांसाठी चुन्याच्या कोब्याची कृती सांगितली आहे. दख्खनमध्ये बैलांच्या घाणीत चुना मळून त्यात गुळाचे व हिरड्याचे पाणी घालण्याचा परिपाठ होता.

या कामाची कसोटी औरंगाबादच्या पाणचक्कीत पाहावयास मिळते. 17 व्या शतकाच्या अखेरीपासून 18 व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत उभ्या राहिलेल्या या वास्तुसमूहात मशिदीसमोरील लांबट हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे, आणि ते छत जाड खांबांच्या रांगांवर तोललेले आहे. हौद गळला तर त्याची वार्ता खाली बसलेल्याला तत्काळ कळावी अशी ही रचना. बांधणाऱ्यांचा आपल्या चुन्यावर किती विश्वास होता, हे सांगण्यास निराळा लेख नको. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावापासून शहरातील हौदांपर्यंत आणलेल्या नळाच्या बांधकामातही हीच विद्या राबली.

या दोन परंपरांतील भेद पुसट झाला तो पोर्टलंड सिमेंटमुळे. त्याचे एकस्व इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने 1824 मध्ये घेतले. भारतात पोरबंदर येथे 1914 मध्ये उत्पादन सुरू झाले. सिमेंट लवकर घट्ट होते, पाण्याखालीही घट्ट होते, आणि त्याला घाणी, बैल वा आठवड्यांची प्रतीक्षा लागत नाही. तज्ज्ञांचाही त्याला विरोध नव्हता. 1931 च्या अथेन्स येथील परिषदेने स्मारकांच्या दुरुस्तीत प्रबलित काँक्रीटसारखी आधुनिक साधने विवेकाने वापरण्यास मान्यता दिली होती. त्यामुळे पुढील काळात ज्यांनी बारवांच्या दर्जा सिमेंटने भरल्या, त्यांना अडाणी ठरविणे अन्यायाचे होईल. फट दिसली, ती बंद केली; त्यांच्या दृष्टीने ती दुरुस्तीच होती.

परिणाम मात्र क्रमाने दिसू लागतात. दर्जा बंद झाल्या की भरावामागचे पाणी अडते, आणि पावसाळ्यात त्याचा दाब भिंतीवर आतल्या बाजूने येतो. शतकानुशतके सरळ उभी असलेली भिंत पोट काढते, क्वचित एखादा थर पुढे सरकतो. काळा बेसॉल्ट घट्ट असल्याने तो स्वतः सहसा झिजत नाही. परंतु चुनखडीच्या वा वालुकाश्माच्या फरशीत निराळाच प्रकार घडतो. सिमेंटची दर्ज दगडापेक्षा कठीण व कमी पाझरणारी असल्याने ओल दगडातूनच बाहेर पडते, क्षार दगडाच्या पृष्ठाखाली स्फटिकरूप होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दर्ज तशीच उभी राहते. चुन्याची दर्ज यापेक्षा मऊ असते, ती आधी झिजते, आणि पुन्हा भरता येते. झिजलेला दगड भरून येत नाही.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात गावोगावी बारवांतील गाळ काढण्याच्या लोकमोहिमा झाल्या, आणि महाशिवरात्रीला त्यांच्या पायऱ्यांवर दिवे लागले. गाळ निघाल्यावर साहजिकच दुरुस्तीचा प्रश्न पुढे येतो. त्या वेळी मोजमापाच्या नकाशाबरोबर दर्जांचीही थरवार नोंद होणे अवश्य आहे: कोणत्या थरात ती मुळात कोरडी होती, कोणत्या थरात चुना होता, चुन्यात सुरखीचे तांबडे कण दिसतात काय, आणि सिमेंट कोठून सुरू होते. या नोंदीस योग्य काळ पावसाळा ओसरल्यानंतरचा. तेव्हा पाझरणाऱ्या दर्जांखाली चिऱ्यांवर ओलीचे काळे ओघळ स्पष्ट उमटलेले असतात, आणि सिमेंटने भरलेल्या पट्ट्यात ते एकाएकी थांबतात.